भुंगेऱ्याचे खमीर

सांता मारिया लाचिवेया
३ फेब्रुवारी २००५, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय ओतिलिया,

तुझ्या घरी शांती नांदो. पाकिटावर माझे अक्षर दिसले तर तू ते न उघडताच बाजूला ठेवशील अशी शंका आल्यामुळे पत्ता मी टपाल कचेरीतल्या बाईंकडून लिहून घेतला आहे. ज्या अर्थी हे वाक्य तू वाचत आहेस त्या अर्थी युक्ती साधली. आता उघडलेच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

झऱ्यावरच्या रानातले पाइन तांबडे पडत आहेत. सर्व संतांच्या सणाच्या सुमारास वरच्या कडेची दोनतीन झाडे गंजल्यासारखी दिसत होती. आता देवळाच्या दारात उभे राहिले की डोंगराच्या कुशीत एक जखम उघडी पडल्यासारखी दिसते, आणि ती दर आठवड्याला खाली, झऱ्याकडे सरकते. खोडांवर राळेचे गोळे आले आहेत. सालीखाली तांदळाच्या दाण्याएवढा काळपट भुंगेरा आहे. या गावाला दुसरे पाणी नाही, हे तुला मी सांगायला नको. बाळांच्या बाप्तिस्म्यापासून मक्याच्या गिरणीपर्यंत सगळे त्या एका झऱ्यावर चालते, आणि झरा त्या रानावर.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना मी थोडा अवघडतो. तांबड्या झाडात कुऱ्हाड घातली की आतले लाकूड निळे निघते. डाग पडल्यासारखे नव्हे. सालीपासून गाभ्याकडे निमुळते होत गेलेले, जुन्या चित्रातल्या देवमातेच्या शेल्यासारखे निळे. मेणबत्ती मंडळाच्या दोन्या तोमासा यांनी त्याची एक फळी वेदीशेजारी आणून ठेवली आहे. बायका तिला हात लावतात आणि तो हात डोळ्यांना लावतात. हा देवाचा संकेत आहे की नाही, हे मी सांगावे असा गावाचा आग्रह आहे. कारण ज्याला लॅटिन येते त्याला सगळेच येते असा इथल्यांचा भाबडा समज आहे, आणि तो मोडण्याइतका मी नम्र नाही. मी गायकवृंदाचा गुरुजी आहे, संदेष्टा नव्हे. मी "पाहू" म्हणालो.

जंगलपंचांचा प्रमुख सध्या वेन्सेस्लाओ आहे. परवा प्रार्थनेनंतर तो टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, बुरशीचा अभ्यास करणारी डॉक्टर तुमच्याच घरची. विचारून तर बघा." "तूच लिही ना," मी म्हणालो. "मी लिहिलं तर त्या फाडून टाकतील. तुमचं पत्र फाडायच्या आधी वाचतील तरी."

नऊ वर्षांपूर्वी भर गावसभेत 'जिने गावाची सेवा केली नाही तिला इथे तोंड नाही' असे तुला ऐकावे लागले, आणि तू दुपारच्या बसने हलापा शहराकडे गेलीस ती गेलीसच. त्या प्रकरणी माझे मत तेव्हा होते तेच आज आहे: नियम चुकीचा होता आणि तुझा आवाज मोठा होता. ते असो. हा किडा काय आहे आणि आम्ही काय करावे, एवढेच लिही. घरची विचारपूस केली नाहीस तरी चालेल.

तुझा भाऊ,
क्रिसोफोरो

ता. क. तुझ्या खोलीत आम्ही मका ठेवतो. दुसरा काही बदल केलेला नाही.


लाचिवेया
२८ फेब्रुवारी, उपवासकाळातला तिसरा सोमवार

प्रिय ओतिलिया,

तुझे अर्धे पान पोचले. मी ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले, आणि मग देवळात जाऊन पुन्हा वाचले. कारण त्यातल्या मधल्या परिच्छेदाचे काय करावे हे मला घरी बसून सुचेना.

तू लिहितेस की हा भुंगेरा निव्वळ झाडावर जगत नाही. सालीखालचा तो ओला थर पिलांच्या अंगी लागण्याइतका सकस नसतो. म्हणून मादी आपल्या मानेलगतच्या घडीत बुरशी सांभाळून आणते, वेडावाकडा बोगदा कोरत जाते, कडेकडेने अंडी घालते आणि जाता जाता ती बुरशी पेरते. बुरशी झाडातले विखुरलेले सत्त्व ओढून आणून एका जागी साठवते, आणि पिले ती खाऊन मोठी होतात. मोठी झालेली मादी उडण्याआधी तीच बुरशी आपल्या घडीत घेते. 'बुरशीला पाय नाहीत आणि किड्याला स्वयंपाकघर नाही, म्हणून दोघांनी संसार मांडला,' हे तुझे वाक्य मी पाठ केले आहे.

ओतिलिया, आपली आई लग्न होऊन डोंगरापलीकडून आली तेव्हा अंगावरच्या शालीच्या, रेबोसोच्या घडीत तिने काय बांधून आणले होते? दागिना नव्हे. तिच्या आईच्या पावाच्या खमिराचा गोळा. छातीशी धरून आणला, वाटेत थंडीने मरू नये म्हणून. मी त्या मुंगीएवढ्या मादीचा विचार करत वेदीसमोर बसलो होतो आणि मला आई दिसत होती. रोजच्या भाकरीची प्रार्थना मी साठ वर्षे म्हणत आलो, पण ती फक्त माणसांच्या वतीने म्हणत होतो. रानातल्या लोकांना आकाशातून अन्न मिळाले हे पवित्र शास्त्र सांगते. सालीखालच्या अंधारातही कोणी पान वाढून ठेवले आहे, हे मला माझ्या धाकट्या बहिणीने सांगावे, ही कृपा आहे. ती मी तुझ्या हातून घेतो आणि तुझे आभार मानतो. जो शत्रू आपले रान खातो त्यालाही जेवू घालणारा देव समजायला मला थोडा वेळ लागेल. पण पवित्र शास्त्रातल्या त्या संदेष्ट्याच्या डोक्यावरची वेल खायला त्यानेच किडा नेमला होता, तेव्हा हे त्याच्या स्वभावाला धरून आहे.

रविवारच्या प्रार्थनेनंतर मी हे सगळ्यांना सांगितले. ते निळे म्हणजे किड्याच्या लेकरांची भाकर, असे म्हणालो. दोन्या तोमासा तोंड पाडून म्हणाल्या, "गुरुजी, तुमची बहीण शिकून शिकून बुरशीला लागली म्हणायची!" पण फळी त्यांनी हलवली नाही.

आता कामाचे. 'राळेचे गोळे आलेली हिरवी झाडे तोडा, साल सोलून जाळा, उशीर करू नका,' हा तुझा निरोप मी त्याच दिवशी गावसभेपुढे ठेवला. म्हाताऱ्या बायाबापड्यांना स्पॅनिश नीट कळत नाही म्हणून आपल्या बोलीत सांगितला: गोळे आलेली याआ झाडे तोडायची. एकाही माणसाने विरोध केला नाही. मी चकित झालो. गुरुवारी गावकामाचा तेकिओ पुकारला. घरटी एक माणूस, कुऱ्हाड आणि दुपारची शिदोरी. माझ्या गुडघ्यांमुळे मी रानात गेलो नाही. देवळाच्या पायऱ्यांवर गायकवृंद घेऊन थांबलो. संध्याकाळी ओंडके खाली आले तेव्हा आम्ही गायलो, सनईसारखी आपली वाद्ये वाजली, बायकांनी मेस्कल आणि घेवड्याचे तामाले वाटले. सोललेली निळी लाकडे देवळाच्या भिंतीला ओळीने लावली आहेत. छपरासाठी वापरू म्हणतात.

तू सांगितलेस आणि गावाने ऐकले. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारनंतर हे घडू शकले, याबद्दल मी देवाचे किती आभार मानतो ते लिहीत नाही, कारण तुला लांबण आवडत नाही.

तुझा,
क्रिसोफोरो

ता. क. झऱ्यावरची हिरवीगार झाडे एकही न दुखावता जशीच्या तशी उभी आहेत, हे वाचून तुला बरे वाटेल.


लाचिवेया
१४ मार्च

प्रिय ओतिलिया,

काल फोनवर बोलणे झाले असले तरी लिहितो, कारण फोनवर मी धड काहीच बोललो नाही. आणि शिवाय कालचे बोलणे फक्त आपल्या दोघांत झालेले नाही, हे तुला कळायला हवे.

इथे अजून गावाचा एकच फोन आहे, आणि तो आला की कर्ण्यावरून पुकारा होतो. काल दुपारी आख्ख्या खोऱ्याने ऐकले: "क्रिसोफोरो गुरुजी, फोन आहे. हलापाहून. तुमची बहीण आहे. रागात आहे." मी पोचेपर्यंत बाहेरच्या बाकावर सहासात जण येऊन बसले होते, आणि कोणाच्याच हातात काही काम नव्हते.

"दादा, काय केलंस तू?" नऊ वर्षांनी ऐकलेला तुझा आवाज, आणि हे पहिले वाक्य.

"काय केलं?"

"हिरवी झाडं तोडा म्हटलं होतं मी! हिरवी! आणि तू लिहितोस, हिरवं एकही दुखावलं नाही, बरं वाटेल तुला!"

"मी सभेत तुझंच सांगितलं."

"कोणत्या शब्दांत?"

"आपल्या शब्दांत. याआ झाडं तोडा."

तू तो शब्द स्वतःशी पुन्हा उच्चारलास आणि विचारलेस,

"दादा, आभाळ कसं असतं?"

"याआ."

"मक्याचं कोवळं पान?"

"याआ."

"आणि तोमासाची ती फळी?"

मी स्टुलावर बसलो. गाव दोन महिने ज्या निळ्याशिवाय दुसरे बोलत नव्हते, त्या निळ्याचा आणि हिरव्याचा आपल्या बोलीत शब्द एकच. आणि तो शब्द मी त्यांच्या हाती दिला. त्यांनी कुऱ्हाडीने खोडाला खाच पाडपाडून पाहिले, ज्यात निळे निघाले ती तोडली. ती सगळी तांबडी, मेलेली. किडा त्यातून केव्हाच उडून गेलेला, आणि आमची गाणी रिकाम्या घरावर. ज्यात तो आज बसला आहे, लेकरे वाढवतो आहे, ती हिरवी झाडे लोकांनी आदराने सोडून दिली. विरोध का झाला नाही, हे आता कळले. रोमच्या जुन्या कवींनाही समुद्राला आणि आकाशाला एकच शब्द पुरत असे, असे काहीतरी मी पुटपुटलो.

आणि तू हसायला लागलीस. ओतिलिया, तू लहानपणी देवळात हसू आवरत नसे तेव्हा जशी हसायचीस, तशी. आधी नाकातून, मग थांबतच नाही. मीही हसलो. फोनवाली बाई हसली. बाहेरच्या बाकावर कोणाला काही कळले नव्हते तरी तेही हसले. मग तू एकदम म्हणालीस, "दादा, हसू नकोस. रान जाईल."

पुढचे तू सांगितलेस ते असे, चुकले असेल तर कळव. हिरव्या झाडांतली पिले ईस्टर उलटल्यावर थोड्याच दिवसांत पंख फुटून उडतील आणि झऱ्याच्या दोन्ही काठांवर उतरतील. त्याआधी ती झाडे खाली आली पाहिजेत, साल निघाली पाहिजे, साल जळाली पाहिजे. दुसरे, निळे म्हणजे त्यांची भाकर नव्हेच. भाकर फिकट असते, पिठावर येते तशी. निळी बुरशी वेगळी. भुंगेऱ्याच्या अंगाला चिकटून येणारे बारीक कोळी ती घेऊन येतात, आणि ती जिथे फैलावते तिथे फिकट बुरशीला जागा उरत नाही, पिले उपाशी मरतात. म्हणजे रविवारच्या प्रार्थनेनंतर देवाच्या घरात मी जे सांगितले ते साफ उलटे होते. "उपदेश करायच्या आधी मला विचारायचं," तू म्हणालीस. विचारीन.

मी म्हणालो, "ये. तूच येऊन सांग त्यांना." आणि तू अगदी हळू म्हणालीस, "मला तिथे तोंड नाही, दादा. विसरलास?" मग फोन ठेवलास. आपटला नाहीस, ठेवलास. त्याबद्दलही मी आभारी आहे.

येत्या रविवारी गावसभा आहे. मला दुसऱ्यांदा उभे राहून, पहिल्यांदा सांगितले त्याच्या विरुद्ध सांगायचे आहे. प्रार्थना कर. करत नसशील तर या आठवड्यापुरती कर.

क्रिसोफोरो


लाचिवेया
२१ मार्च, पवित्र आठवड्यातला सोमवार

प्रिय ओतिलिया,

काल ताडपत्रांची मिरवणूक आटोपून लोक सभेला बसले तेव्हा सगळ्यांच्या हातात विणलेली हिरवी पाने होती. मी उभा राहिलो आणि त्या पानांकडे बोट दाखवून म्हणालो, "हे याआ. आभाळाचे नव्हे, पानाचे. ज्यांचा शेंडा असा आहे पण खोडावर गोळे आहेत, ती झाडे तोडायची आहेत."

जो गोंधळ झाला त्याचे वर्णन करत नाही. दोन्या तोमासा मधोमध उठल्या.

"हिरवं झाड म्हणजे जितं झाड. जितं तोडायचं आणि मेलेलं ठेवायचं? तुमच्या बहिणीला तिकडे सगळं उलटं दिसतं का?"

"मेलेल्यात आता किडा नाही, तोमासा. उलट किड्याला खाणारे जीव आहेत, सुतारपक्षी आहेत. ते राहू द्यायचे."

"मागच्या महिन्यात म्हणालात निळी तोडा."

"मी याआ म्हणालो."

"मग तेच म्हणते मी! निळी!"

मागून कोणीतरी ओरडले, "गुरुजी, लॅटिनमध्ये सांगा, ते तरी कळेल!" सभा हसली, आणि त्या हसण्यात माझी बाजू हरत चालली आहे हे मला स्पष्ट दिसले. मी म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, रानात चला. सभा सोडून सगळे निघाले, मी वेन्सेस्लाओच्या खांद्यावर हात ठेवून. झऱ्याच्या वरच्या वळणावर एक उंच पाइन आहे, शेंड्यापर्यंत हिरवा, तुकतुकीत, खोडावर मात्र छातीच्या उंचीपासून वर तांबूस गोळे. वेन्सेस्लाओने त्यावर हाताने क्रूसाची खूण केली आणि कोयत्याने सालीचा एक हातभर पट्टा सोलून काढला.

आत बोगदे होते, नागमोडी, एकमेकांत गुंतलेले. बोगद्यांच्या कडेला खोल्या, खोल्यांत पांढरी गुबगुबीत पिले, आणि भिंतींना फिकट, मऊ, पिठुळ थर. खालच्या अंगाला थोडे निळे होते; तिथल्या खोल्या रिकाम्या होत्या, पिले वाळून गेली होती. तू सांगितलेस तसेच, जागच्या जागी. वर पाहावे तर झाड हिरवे.

दोन्या तोमासांनी चष्मा पुसला, नाक जवळ नेले, आणि म्हणाल्या, "अगं बाई. याला तर माझ्या काठवटीसारखा आंबूस वास येतोय." मी त्यांना फिकट आणि निळ्यातला फरक सांगितला, निळे जिथे पसरते तिथे हे उपाशी मरतात, हेही सांगितले. त्यांनी कमरेवर हात ठेवला. "मग मी पहिल्यापासून काय म्हणत होते? ते निळं देवमातेचंच!"

ओतिलिया, मी वाद घातला नाही. तू घालू नकोस.

पण मग खरी अडचण पुढे आली. हिरव्या झाडांतली काही पोखरलेली आहेत आणि काहींनी राळ सोडून किड्याला बाहेरच बुडवला आहे. गोळे दोन्हींवर आहेत. कोणते कोणते, हे इथे कोणाला ओळखता येत नाही, आणि जिते झाड उगाच पाडण्याचे पाप कोणी डोक्यावर घेईना. वेन्सेस्लाओ म्हणाला, "जिने सांगितलं तिने खूण करावी. एक जास्त नको, एक कमी नको." पण गावच्या रानात झाडावर हातोड्याने खूण करायची ती पदावर असलेल्या माणसाने, हा नियम तुला ठाऊक आहे; आणि वरचे पद हवे तर आधी खालचे केलेले असावे लागते.

"म्हणजे तोपिल," कोणीतरी म्हणाले. घंटा वाजवायची, निरोप पोचवायचे, चौकीत झोपायचे. मिसरूड फुटलेल्या पोरांचे पद.

"डॉक्टरला तोपिल?" वेन्सेस्लाओ कानकोंडा झाला. "त्या मला पुन्हा तोंड दाखवू देणार नाहीत."

"का? सुरुवात सगळ्यांनी खालूनच करायची," दोन्या तोमासा म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने घंटा बडवली, तुझ्या बापाने बडवली. ती काय आभाळातून पडली? आणि पदावर असली की सभेत बोलायला कोणी अडवेल का, ते मी बघते."

हात वर झाले. मी मोजले नाहीत. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मोजता आले नसते.

तर बासष्टाव्या वर्षी तू गावची तोपिल झाली आहेस, आणि हे पत्र भाऊ म्हणून नव्हे, निरोप्या म्हणून लिहीत आहे. ईस्टर रविवारनंतर जितक्या लवकर येशील तितके रान वाचेल. हातोडा पंचांकडे आहे. तुला राग येणे साहजिक आहे. राग घेऊन ये, इथे त्याला जागा आहे. मका मी खोलीतून हलवला आहे.

क्रिसोफोरो


लाचिवेया
१६ मे, शेतकऱ्यांच्या संताच्या सणानंतरचा दिवस

प्रिय ओतिलिया,

तू हलापाला परतल्यापासून लिहायचे राहून गेले, कारण लिहायला बसलो की आभार मानण्यापलीकडे वाक्य जाईना, आणि तुझी ताकीद होती की आभारांचे पत्र पाठवलेस तर परत पाठवीन. आता पाऊस लागला आहे आणि सांगण्यासारखे काही आहे.

तू खुणा केलेली सगळी झाडे पाडली, आणि त्यांच्या बाजूचा तू आखून दिलेला पट्टाही. साल सोलून खड्ड्यात जाळली. धूर तीन रविवार देवळात येत होता आणि धूपदान पेटवायची गरज पडली नाही. परवा वेन्सेस्लाओ सगळी कड फिरून आला. तुझ्या खुणेबाहेर फक्त दोन झाडांवर नवे गोळे दिसले, आणि दोन्हींची राळ पांढरी, ताजी, किडा तिच्यात अडकून मेलेला. तुझी पद्धत तो आता सगळ्यांना असा शिकवतो की जणू त्याच्या आजोबांकडूनच आलेली आहे. पवित्र क्रूसाच्या दिवशी गाव फुले घेऊन झऱ्यावर गेले. पाणी कमी आहे, पण आहे. आणि वरचे रान विरळ झाले असले तरी रान आहे. पुढच्या कोरड्या दिवसांत काय होईल ते आज मी सांगत नाही. उपदेश करण्याआधी तुला विचारायचे ठरले आहे.

तू इथे होतीस त्या दिवसांत आपण त्या जुन्या दुपारबद्दल एक अक्षर बोललो नाही. तू पहाटे हातोडा घेऊन जात होतीस, मी गुडघ्यांना तेल चोळत कॉफी करत होतो, तू संध्याकाळी केसांत सालीचे तुकडे घेऊन येत होतीस. एकदा तू सालीची एक चकती ताटाशेजारी ठेवून भिंग माझ्या हातात दिलेस. त्या मादीच्या मानेची घडी मी पाहिली. एवढीशी जागा, पापणीच्या केसाएवढी. आणि तिच्यात पुढच्या सगळ्यांचे जेवण. पवित्र शास्त्रातल्या सृष्टीच्या स्तुती मी लॅटिनमध्ये आयुष्यभर गायलो. त्यांत पर्वत आहेत, समुद्रातले राक्षस आहेत, गारा आणि बर्फ आहे. त्या रात्री झोपताना मी त्यांत माझ्यापुरती एक ओळ वाढवली. कोणती ते सांगत नाही. चाल अजून बसायची आहे.

आणि हो, आपले रान खाणाऱ्या त्या जीवाबद्दलही मी आता आभार मानू शकतो. त्याचे भले व्हावे म्हणून नव्हे. एवढा थोर मी झालो नाही. पण तो आला नसता तर मला तुला पत्र लिहायला कारण सापडले नसते, आणि कारणाशिवाय लिहिण्याइतका शहाणपणा माझ्यात नव्हता.

आता कामाचे. काल सणाच्या प्रार्थनेनंतर तेकिओची हजेरी झाली. उरलेले ओंडके उतरवायचे होते. वेन्सेस्लाओने पंच म्हणून नावे पुकारली. तोपिलांची नावे शेवटी येतात. त्याने तुझे नाव, आईच्या आणि बापाच्या आडनावांसकट, कर्ण्यावरून पुकारले. मला वाटले चुकून पुकारले. त्याने दुसऱ्यांदा पुकारले. लोक इकडेतिकडे पाहू लागले, जणू तू कुठे तरी मागे उभी असशील. मी म्हणालो, "ती हलापाला आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असलं तरी पुकारावं लागतं, गुरुजी," तो म्हणाला. "वर्ष संपेपर्यंत पदावर आहेत त्या."

"लिही गैरहजर," दोन्या तोमासा मागून म्हणाल्या. "डॉक्टर झाली म्हणून सूट नाही. माझ्या नवऱ्याला कधी दिली नव्हती."

त्याने लिहिले. गैरहजेरीचा दंड एक दिवसाचे काम, ओंडक्यांची साल सोलण्याचे. मी म्हणालो, माझ्या हातून करून घ्या. सभेने नाही म्हटले. दंड ज्याचा त्यानेच फेडायचा, भावाने नाही, मुलाने नाही, पैशाने नाही. कोयता तुला कोणता द्यायचा यावरही चर्चा झाली. तुला हलका लागेल असे ठरले.

तेव्हा येतेस कधी ते कळव. मला पंचांना दिवस सांगायचा आहे.

तुझा भाऊ,
क्रिसोफोरो